सगळं ठीक म्हणेल तिने कप धुवायचे

"तुमची सून नेमकं करते तरी काय?" असं शेजारणीने विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "ती बांधत काही नाही. बांधणाऱ्यांच्या मागे लागते." प्रोजेक्ट मॅनेजरच्या कामाची याहून नेमकी व्याख्या कुठल्या पुस्तकात मिळायची नाही. गवंडी भिंत बांधतो, सुतार दार बसवतो, वायरमन वायर ओढतो, आणि सूनबाई या सगळ्यांना रोज विचारते, "झालं का? मग कधी होणार? काल तर आज म्हणाला होतात." दिवसभर लोकांच्या मागे लागायचं आणि वर त्याचा पगार घ्यायचा, याचं सासूबाईंना फार कौतुक होतं. त्यांनी हेच काम घरात जन्मभर फुकट केलं होतं.

सूनबाई या धंद्यात आली ती नकाशे काढायला. मग साइटवरच्या गोदामात माल उतरवून घ्यायला लागली, मग हळूहळू गवंड्यांवर देखरेख करायला, आणि अशी पायरी पायरीने चढत शेवटी हाडांच्या नव्या हॉस्पिटलचं अख्खं बांधकाम तिच्या हाती आलं. कंपनीत या जागेवर आलेली ती पहिलीच बाई. त्याचा अभिमान वाटायचा, पण त्याचा एक तोटाही होता. पुरुष मॅनेजर अडले की फाटकाजवळ धूर काढत उभे राहायचे. कुणी कुणाला चांगला सुतार सुचवायचा, कुणी मालकाचा आजचा मूड सांगायचा. ती तिथे गेली की गप्पा एकदम हवामानावर यायच्या. हवामानाबद्दल तिला जेवढं कळलं तेवढं क्वचितच कुणाला कळलं असेल. बाकी अडलेलं सगळं ती डब्याबरोबर एकटीच गिळायची.

एकदा साइटवर आलेली रंगाच्या कंपनीची विक्रेती तिला म्हणाली, "अहो, तुमच्यासारख्या बाया जमतात की महिन्यातून एकदा. या ना." जमायची जागा म्हणजे एका शाळेचा चित्रकलेचा वर्ग. शनिवारी दुपारी मुलं घरी गेली की तिथल्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून मोठमोठी कामं सांभाळणाऱ्या बायका बसायच्या. हा गोतावळा जमवला होता पूलवाल्या ताईंनी. त्यांनी नोकरीत असताना नदीवर पूल बांधून घेतले होते आणि निवृत्तीनंतर माणसांचे बांधत होत्या. एक औषधांचा कारखाना उभा करणारी होती, एक बँकेची संगणक यंत्रणा बदलणारी होती, आणि आणखी पाच-सहा जणी. ताईंचे नियम दोनच. पहिला, कंपनीचं आणि गिऱ्हाइकाचं नाव दाराबाहेर ठेवायचं. आपल्या कामाची गोष्ट सांगायची, पण कुणाची ते सांगायचं नाही. दुसरा, "माझं सगळं ठीक आहे" असं जी म्हणेल तिने शेवटी सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे.

"कारण सगळं ठीक असणारं काम मी अजून पाहिलेलं नाही," ताई म्हणायच्या. "आणि बघायचंही नाही. मला त्याची भीती वाटेल."

सूनबाई पहिल्या शनिवारी म्हणाली, "माझं सगळं ठीक आहे." कप धुतले. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. बाकीच्या जणी आपापली लक्तरं पोतडीतून काढून दाखवायच्या, हसायच्या, एकमेकींना माणसं सुचवायच्या, फोन लावून द्यायच्या. ही मात्र मन लावून ऐकायची आणि शेवटी मुकाट्याने बेसिनपाशी जायची. तिचं नावच 'कपवाली' पडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला आईने शिकवलं होतं, आणि ती मूठ झाकून ठेवताना बोटं दुखतात हे सांगायचं मात्र आई विसरली होती.

वर्षभर खरंच सगळं बरं चाललं होतं म्हणा. मग एके दिवशी भिंत वाकडी निघाली.

हॉस्पिटल चार मजली. ज्या उभ्या पोकळीतून लिफ्ट वर-खाली जाते तिला साइटवर शाफ्ट म्हणतात. त्या शाफ्टची एक भिंत वरच्या मजल्यांवर ओळंबा सोडून आत कलली होती. डोळ्यांना दिसायचं नाही इतकीच, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या वाकडेपणावर लिफ्ट अडकते. भिंत फोडून पुन्हा बांधायची म्हणजे कित्येक आठवडे गेले. आणि हे हॉस्पिटल हाडांचं. तिथे येणाऱ्या माणसाचा पाय मोडलेला, कंबर धरलेली, गुडघा गेलेला. लिफ्टशिवाय हाडांचं हॉस्पिटल म्हणजे शिडीवर ठेवलेला पाळणा.

त्यात सासूबाई. काही वर्षांपूर्वी त्यांची मांडी मोडली तेव्हा याच हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीतली लिफ्ट बंद होती, आणि चार माणसांनी त्यांना लाकडी खुर्चीत बसवून जिन्यावरून वर नेलं होतं. त्यातल्या एकाचा पाय वळणावर सटकला. पडल्या नाहीत, पण ते वळण त्यांच्या डोक्यातून काही गेलं नाही. आता त्यांचा गुडघा बदलायचा होता आणि त्यांनी साऱ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं, "माझं ऑपरेशन नव्या हॉस्पिटलातच. घरचंच आहे ते." डॉक्टरांनी तारीखही दिली होती, पेशंट नव्या इमारतीत हलवले की त्याच आठवड्यातली.

मग सूनबाईने तोंड उघडून सांगितलं का नाही, की भिंत वाकडी आहे, उशीर होणार आहे? इथेच तर या धंद्याची गंमत आहे. दर सोमवारी हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांच्या खोलीत बैठक व्हायची. व्यवस्थापक चष्म्यावरून बघत एकेकाला विचारायचे, "बांधकाम?" "वेळेवर." "वीज?" "वेळेवर." लिफ्टच्या कंपनीचं कुणी येत नसे, ती परगावची, तिचा निरोप व्यवस्थापकच वाचून दाखवायचे, "लिफ्ट वेळेवर." करार असा होता, की ज्याच्यामुळे तारीख हुकेल त्याने भुर्दंड सोसायचा. त्यामुळे जो आधी बोलेल त्याच्याच डोक्यावर खापर फुटणार, आणि बाकीचे त्या खापराआड आपापला उशीर लपवून मोकळे होणार. सूनबाईच्या मालकांनी तर तिला स्पष्टच बजावलं होतं, "दुसरा कुणी उशीर कबूल करेपर्यंत आपण वेळेवर. कळलं?" तिला कळलं होतं. तेवढं कळण्याइतकी ती मुरलेली होती.

वर देवही जणू तिच्याच बाजूने उभा होता. लिफ्टच्या कंपनीची माणसं शाफ्टचं मोजमाप घ्यायला येणार होती. ती आली असती तर भिंतीचं बिंग तिथेच फुटलं असतं. पण पहिल्यांदा निरोप आला, गाडी बिघडली, पुढे येतो. दुसऱ्यांदा, मोजमापवाल्याच्या मेव्हण्याचं लग्न. तिसऱ्यांदा, मोजमापवाल्याचा दात ठणकतोय, तोंड सुजलंय. दर वेळी तिचा जीव भांड्यात पडला. ते सारखं का पुढे ढकलतायत, असं विचारायचं तिला एकदाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी तिने विचारलं नसतं. ज्याला स्वतःचा दरवाजा बंद ठेवायचा असतो तो दुसऱ्याच्या दारावर थाप मारत नाही.

घरी ती रात्री दात खायची. नवरा म्हणायचा, "झोपेत कुणाला चावतेस?" सासूबाई रोज जेवताना विचारायच्या, "कसं चाललंय गं आपलं हॉस्पिटल?" आणि ती भाताकडे बघत म्हणायची, "ठीक आहे."

पेशंट हलवायची तारीख जाहीर व्हायची होती त्याच्या आधीच्या शनिवारी चित्रकलेच्या वर्गात एक नवी बाई आली. औषधवालीने आणली होती. उंच, केस कसेतरी बांधलेले, डोळ्यांखाली काळं. बुटक्या खुर्चीवर बसताना तिने खुर्चीची माफी मागितली. तिची पाळी आली तेव्हा ती हातातल्या कपाकडे बघतच बोलायला लागली.

"आमचं एक यंत्र बाहेरून यायचंय. ते बंदरातच अडकलंय. कधी सुटेल देवाला ठाऊक. तारीख हुकणार हे मला कधीचं कळलंय, पण आमचे साहेब म्हणतात, आधी आपण तोंड उघडायचं नाही. समोरचे बांधकामवाले एकदम चोख आहेत हो. दर आठवड्याला वेळेवर, वेळेवर. एकदा का आमची माणसं तिथे गेली, की ते विचारणार, यंत्र कुठंय? म्हणून मी माणसांना पाठवतच नाहीये. काहीबाही थापा मारते."

"कसल्या थापा?" बँकवालीने मिटक्या मारत विचारलं.

"आता काय सांगू. गाडी बिघडली म्हटलं. मग लग्न काढलं एक. परवा तर, बिचारा आमचा मोजमापवाला, धडधाकट माणूस, त्याचा दात सुजवला मी. आणि समोरचे इतके सज्जन, की एकदाही विचारलं नाही, का येत नाही म्हणून. त्यामुळे जास्तच लाज वाटते. त्यांचं सगळं तयार असणार. फक्त आमच्यासाठी खोळंबलेत."

सूनबाईने हातातला कप दाणकन बशीवर ठेवला. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. कानात आधी काहीच शिरेना, नुसता दात, दात, दात.

"मेव्हण्याचं लग्न ना?" ती म्हणाली. "मोजमापवाल्याच्या?"

उंच बाईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मी मेव्हणा म्हटलं नव्हतं. आत्ता इथे नव्हतं म्हटलं."

"निरोपात म्हटलं होतंत."

सूनबाईला वाटलं, आता उठावं आणि कप धुवायला जावं, तिथे कुणी काही विचारत नाही. पण ती उठली नाही. आणि मग, इतके महिने आवळून धरलेली ती मूठ, तिने स्वतः उघडली असं नाही, ती आपोआपच सुटली.

"आमचं काही तयार नाहीये हो," ती म्हणाली. "भिंत वाकडी आहे. फोडून ठेवलीये. तुमच्या मोजमापवाल्याचा दात दुखतोय ऐकलं तेव्हा मी मनात म्हटलं, देवा, आणखी एक दात दुखू दे त्याचा."

पहिल्यांदा हसली ती उंच बाई. मग औषधवाली, मग सगळ्याच. हसता हसता सूनबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही. दोन शहाण्यासुरत्या, हुशार बायका एकमेकींना खोटं सांगत होत्या, एकमेकींच्या खोट्यावर विश्वास ठेवून झुरत होत्या, आणि दोघींच्या मध्ये एका निरोगी माणसाचा दात ठणकत होता. ताई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "कंपनीचं नाव कुणी घेतलं? नाही ना? मग नियम मोडलेला नाही. आता पुढचं बोला."

पुढचं त्या दोघी बेसिनपाशी बोलल्या. एकीने धुतले, दुसरीने पुसले. तोवर हसू ओसरलं होतं आणि दोघींच्याही लक्षात आलं होतं, की आता प्रत्येकीच्या हाती दुसरीचं मर्म आहे. सोमवारी जी गप्प बसेल ती सुटणार.

"दोघींनी एकदम बोलायचं," उंच बाई म्हणाली. "मी स्वतः येते सोमवारी. एका दमात."

"एका दमात," सूनबाई म्हणाली.

बोलायला सोपं. रविवारभर तिच्या मनात नाही नाही ते येत राहिलं. ती खरंच येईल? आली आणि गप्प बसली तर? आणि त्याहून वाईट विचार, जो तिने नवऱ्यालाही सांगितला नाही: आपणच गप्प बसलो तर? मालकांना एक फोन केला, लिफ्टचं यंत्र बंदरात अडकलंय एवढंच सांगितलं, की संपलं. भिंत त्या उशिराच्या सावलीत आरामात बांधून होईल, कुणाला पत्ताही लागणार नाही. फोन टेबलावरच होता. संध्याकाळी सासूबाई जिन्याच्या कठड्याला धरून, पायरीवर दोन्ही पाय टेकवत टेकवत खाली उतरल्या, वळणावर थांबल्या, दम घेतला. तिने ते पाहिलं आणि फोन पर्समध्ये टाकला.

सोमवारी उंच बाई आली होती. केस नीट बांधलेले. व्यवस्थापकांनी चष्मा खाली सरकवला आणि नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. दोघींनी सगळा विचार केला होता, फक्त हा केला नव्हता, की बैठकीत पहिला नंबर बांधकामाचा असतो आणि लिफ्टचा शेवटचा. एका दमात कुठलं बोलणार? तिला एकटीलाच उडी मारायची होती.

"बांधकाम?"

तिने समोर पाहिलं. उंच बाई पाण्याच्या पेल्याकडे बघत होती. मान खाली. त्या क्षणी सूनबाईला खरोखर वाटलं, गेलो आपण. आणि त्याबरोबरच वाटलं, गेलो तर गेलो. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं काही राहत नाही.

"उशीर आहे," ती म्हणाली. "लिफ्टच्या शाफ्टची भिंत ओळंब्यात नव्हती. फोडून पुन्हा बांधतोय. ठरल्या तारखेला पेशंट हलवता येणार नाहीत. हे मला आधीच सांगायला हवं होतं."

मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. उंच बाई आपली पाळी येण्याची वाट न बघता उभी राहिली होती. "आमचाही उशीर आहे. यंत्र आलेलंच नाही. त्यांची भिंत सरळ असती तरी लिफ्ट बसली नसती. आणि आमच्या मोजमापवाल्याचा दात एकदम उत्तम आहे."

हे शेवटचं कुणाला कळलं नाही, पण सूनबाईला कळलं. तिने टेबलाखाली दोन्ही हात घट्ट धरले. मग विजेच्या कामाचा कंत्राटदार, जो वर्षभर "वेळेवर" याशिवाय एक शब्द बोलला नव्हता, घसा खाकरून म्हणाला, "आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमचं पॅनेल..." आणि तो थांबला, कारण व्यवस्थापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि डोळे चोळत होते.

"पेशंट न्यायला गाड्या लागणार होत्या," व्यवस्थापक म्हणाले. "त्या मी अजून ठरवलेल्याच नाहीत. तुम्ही सगळे वेळेवर, आणि मी एकटाच मागे, असं वाटून मला दोन महिने झोप नाही."

टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी इतका मोठा सुस्कारा टाकला की पडदा हलला असावा. भुर्दंडाचं पुढे काय ते वकिलांनी बघितलं. सगळेच उशिरा म्हटल्यावर कोण कुणाला काय मागणार. सूनबाईचे मालक दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बरं, खरी तारीख कोणती?" हा प्रश्न त्यांनी वर्षभरात पहिल्यांदाच विचारला होता. तिने सांगितली. त्यानंतर बंदरातलं यंत्र कसं सोडवायचं ते औषधवालीने दाखवून दिलं, कारण तिची यंत्रं त्याच बंदरातून यायची आणि तिथल्या साहेबाला ती पुरती ओळखून होती. धडधाकट दातांचा मोजमापवाला आला, भिंतीला ओळंबा लावून मान डोलावून गेला. त्या रात्री सूनबाई दात न खाता झोपली. नवऱ्यानेच सकाळी सांगितलं.

सासूबाईंची तारीख पुढे गेली. गल्लीत त्यांनी जाहीर केलं, "घाईचं काम मला आवडत नाही. सुनेला मीच सांगितलं, सावकाश होऊ दे."

शेवटी तो दिवस उजाडला. चाकांच्या खुर्चीत सासूबाई, मागे सूनबाई, आणि कोपऱ्यात उंच बाई. ती खास आली होती. पहिल्या पेशंटबरोबर आपण वर जायचं असं तिने म्हणे मनाशी ठरवलं होतं. चित्रकलेच्या वर्गात आता तिचं नाव दातवाली होतं. आत येताना सासूबाईंनी डॉक्टरांची, नर्सची, फाटकावरच्या पहारेकऱ्याची, सगळ्यांची थट्टा केली होती. लिफ्टचं दार मिटलं आणि त्या एकदम गप्प झाल्या.

"ठीक आहेस ना गं?" त्यांनी मान न वळवता सुनेला विचारलं.

ठीक आहे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. सवयीने आलं. कोपऱ्यातली दातवाली छताकडे बघत राहिली.

"नाही, आई," ती म्हणाली. "भीती वाटतेय."

लिफ्ट हलली. इतकी अलगद, की कळलंच नसतं. सासूबाईंनी खांद्यावरून हात मागे केला आणि सुनेची बोटं चाचपून घट्ट धरली. त्यांचा हात गार पडला होता.

"मलाही," त्या म्हणाल्या. "केव्हाची वाट बघतेय, तू आधी म्हणशील म्हणून."